खाडी ते खाडी: मांडवा ते तेरेखोल, एकट्याने सायकलवर

कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर जायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो किलोमीटरचा. मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत साधारण साडेपाचशे किलोमीटर भरतात. वाटेत किती वाड्यांमध्ये शिरता आणि किती किल्ले बघता यावर चाळीस-पन्नास इकडेतिकडे. पण या वाटेवर किलोमीटरचा हिशोब फसवा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर दिवसाला 120 किलोमीटर आरामात मारणारा गडी हर्णे ते गुहागर या साठेक किलोमीटरांत मेटाकुटीला येतो. इथे मोजायच्या त्या दोनच गोष्टी: आज खाड्या किती आणि घाट्या किती.

किनाऱ्यालगत जांभ्याचे सडे आहेत, समुद्रापासून शंभर-दीडशे मीटर उंचीचे आणि माथ्यावर बऱ्यापैकी सपाट. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांनी ते आडवे चिरले आहेत: कुंडलिका, सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल. रस्ता सड्यावरून चाललेला असतो, नदी आली की थेट भरतीच्या पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा तेवढाच चढतो. उंचीचा आलेख काढला तर करवतीचे दाते दिसतात. सलग मोठा घाट कुठेच नाही, तरी पासष्ट-सत्तर किलोमीटरच्या टप्प्यात हजार-बाराशे मीटर चढाई होऊन जाते. चढ बहुधा 8 ते 10 टक्क्यांचा, वळणाच्या आतल्या अंगाला त्याहून उभा. लांबी दीड-दोन किलोमीटर. वरंधा किंवा आंबोली चढताना एकदा लय सापडली की तास-दीड तास ती टिकते. इथे लय सापडेपर्यंत सडा येतो, अंग गार पडेपर्यंत उतार संपतो, आणि पुलापलीकडे सगळे पहिल्यापासून.

नकाशा बघताना एक खूण उपयोगी पडते. कोर्लई, बाणकोट, गोपाळगड, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग, तेरेखोल हे सगळे किल्ले खाडीच्या तोंडावर बांधलेले आहेत, कारण गलबतांची ये-जा तिथूनच व्हायची. त्यामुळे पुढे असा किल्ला असेल तर एक उतार, एक पूल किंवा जेट्टी आणि एक चढ हे ठरलेलेच. मी टप्पे तसेच पाडतो. दिवसाची शेवटची खाडी ओलांडून पलीकडच्या गावात मुक्काम करायचा. चढ सकाळच्या ताज्या पायांवर ठेवायचा. खाडीच्या अलीकडे राहिलात तर सकाळी आधी फेरीबोटीची वाट बघा आणि मग ऊन चढल्यावर घाटी चढा, असा दुहेरी भुर्दंड पडतो.

आता गिअर, कारण नव्वद टक्के रडगाणी इथून सुरू होतात. 70 किलोचा माणूस, 13 किलोची सायकल आणि 12 किलोचे सामान धरले तर एकूण 95 किलो. हे वजन 10 टक्के चढावर ताशी 6 किलोमीटरने न्यायला साधारण 165 वॅट लागतात. एवढे बऱ्यापैकी सराव असलेला माणूस देऊ शकतो. प्रश्न ताकदीचा नसून पायांच्या फेऱ्यांचा आहे. रोड बाइकला पुढे 34 दात्यांची आणि मागे 32 दात्यांची चकती असेल तर या वेगाला पॅडलच्या मिनिटाला जेमतेम 45 फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर दाब, आणि तिसऱ्या दिवशी वाटीच्या खाली दुखायला लागते. पुढे 26 आणि मागे 36 असेल तर त्याच वेगाला 64 फेऱ्या बसतात. जुन्या एमटीबीची (डोंगरी सायकलची) तिहेरी चकती, पुढे 22 आणि मागे 34, असेल तर सत्तरीच्या पुढे. सामान लादून जाणार असाल तर पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून उत्तर 0.8 च्या खाली यायला हवे. 0.9 पर्यंत तरुण गुडघे निभावून नेतात. 1 च्या वर असेल तर निघण्याआधी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून घ्या. मात्र मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, किती दात्यांपर्यंत झेपतो ते दुकानात विचारा, नाहीतर सर्वांत मोठ्या चकतीवर चेन ताणून डिरेलरच मोडेल.

आणि उतरून ढकलण्यात कमीपणा काही नाही. 12 टक्क्यांवर चालवताना ताशी पाच, ढकलताना साडेतीन-चार. दहा मिनिटांच्या घाटीत फरक पडतो तो तीन-चार मिनिटांचा. म्हणूनच बूट चालता येतील असे हवेत. पायाला घट्ट पकडणारे, तळाला बाहेर आलेले रोड क्लीट इथे नकोत, शेवाळलेल्या जेट्टीवर तर मुळीच नकोत.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि मंद असतो. दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा धरतो तो सूर्यास्तापर्यंत. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो उजव्या खांद्यामागून ढकलतो. गोव्याहून मुंबईकडे येणाऱ्याला तोच वारा प्रत्येक सड्यावर तोंडावर बसतो, आणि सड्यावर आडोशाला झाड नसते. मार्चपासून पुढे दमट उकाड्यात सड्यावरची दुपार जीवघेणी होते. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात, इतर फेऱ्या हवामान बघून चालतात, शिवाय उतारांवर शेवाळ धरते. ऑक्टोबरमध्ये रस्ते पावसाने उखडलेले असतात. मला डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारीचा मध्य सर्वांत बरा वाटतो. नाताळचा आठवडा टाळायचा, त्याचे कारण पुढे येईल.

मुंबईतून बाहेर पडायला पनवेल-पेणच्या रहदारीत अडकण्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (वाहने नेणारी बोट) पकडावी. सायकलचे तिकीट वेगळे निघते आणि तासाभरात पलीकडे. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर, पुढे चौल-रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. हा दिवस गाडी सुरळीत करण्याचा आहे. सत्तर किलोमीटर भरतात, पण खरा चढ काशीदच्या आधी-नंतरचाच. सीट वर-खाली करणे, पॅनियरचे (मागच्या रॅकला अडकवायच्या पिशव्यांचे) हूक घट्ट करणे, कुठे काय घासते ते ऐकणे, सगळे इथेच उरकावे, कारण अलिबागनंतर चांगले सायकलचे दुकान थेट रत्नागिरीत. शनिवार-रविवारी या पट्ट्यात मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. शक्यतो सोमवारी निघावे.

मुरूडपुढे आगरदांड्याहून दिघीला फेरी. दिघीहून दिवेआगर, आणि तिथून शेखाडी-आरावीमार्गे श्रीवर्धन. हा तुकडा समुद्राला अगदी खेटून जातो आणि चढही कमी. घाई करू नये. श्रीवर्धन-हरिहरेश्वर-बागमांडला आणि बागमांडल्याहून वेसवीला फेरी. इथे सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो. तो सुरू झाल्याचे पायांना पाच मिनिटांत कळते.

वेसवी ते हर्णे हा माझ्या मते सगळ्यात कसाचा भाग. अंतर पन्नासच्या घरात, पण केळशी, आडे, पाडले, आंजर्ले अशा प्रत्येक गावाला रस्ता खाली उतरतो आणि पुन्हा वर जातो. मधे दुकाने तुरळक, आणि दुपारी एक ते चार ती बंद. बंद म्हणजे बंद. मालक आत झोपलेला असतो. पाणी आणि खाणे साडेबाराच्या आत भरून घ्यावे. आंजर्ल्याहून जोगेवरचा पूल ओलांडून हर्णे. बंदरातून जाताना सावध राहावे: लिलावाच्या वेळी मासळीचे पाणी आणि वितळता बर्फ रस्त्यावर सांडलेला असतो, त्यावर पुढचे चाक क्षणात सटकते. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत तर रस्त्याच्या कडेलाच बोंबील नाहीतर जवळा वाळत घातलेला असतो. त्यावरून सायकल घालू नये, एवढे सांगायची गरज पडू नये.

हर्णे, मुरूड (हे दापोलीकडचे), कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. दाभोळहून धोपाव्याला फेरी, वाशिष्ठीची खाडी. ही फेरी चुकली किंवा बंद असली तर दापोली-खेड-चिपळूण-गुहागर असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा आहे, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करावी. फेऱ्या रोजच्या आहेत, मोटारगाड्यांसाठीच चालतात. पण दुपारच्या जेवणाच्या वेळी त्या लांबतात आणि फार कमी पाण्याच्या ओहोटीला थांबूही शकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा असतो, हे टप्पे आखतानाच लक्षात ठेवायचे.

फेरीवर चढण्याची रीत नीट सांगतो, कारण सायकलस्वार पडतो तो घाटात नाही, इथे. बोटीचा लोखंडी फळा जेट्टीच्या उतारावर टेकतो. उताराचा खालचा भाग भरतीला पाण्याखाली असतो, म्हणून त्यावर हिरवा बुळबुळीत थर असतो. ओहोटीला तुम्हाला नेमके त्याच थरावरून जावे लागते. सायकल चालवत नेऊ नये. उतरून, दोन्ही ब्रेक हातात धरून, सायकल आपल्या आणि पाण्याच्या मधे ठेवून सरळ रेषेत चालावे. फळ्याच्या कडेला लोखंडी पट्टी उभी असते, ती तिरकी ओलांडली तर चाक तिच्यात अडकते. काटकोनातच ओलांडावी. गाड्या चढून झाल्यावर शेवटी चढावे म्हणजे उतरताना पहिला नंबर लागतो आणि समोरची घाटी मागून येणाऱ्या गाड्यांच्या आधी निम्मी तरी चढून होते. आत कठड्याला बंजीने दोन जागी बांधावी: एक सीटखालच्या नळीला, एक पुढच्या चाकाला फ्रेमसकट. डिरेलरची बाजू बाहेर ठेवावी. कठड्यावर दाबली गेली तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) वाकतो आणि ते पलीकडे गेल्यावर पहिल्या चढावर कळते, चेन मागच्या चाकाच्या तारांत शिरली की.

धोपावे ते गुहागर पंधरा किलोमीटर. पुढे पालशेत, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ, तिथून शास्त्री नदीच्या मुखावरून फेरीने जयगड. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे, त्यामुळे जेट्टीवरून वर आल्यावर सड्यावरचा रस्ता अवजड ट्रकांचा. या तुकड्यात आरसा असलेला बरा. टायरांतून सुटलेल्या बारीक पोलादी तारा इथे कडेला पडलेल्या असतात आणि पंक्चरचे ते सर्वांत चोरटे कारण. मालगुंडकडे वळलात की ट्रक सुटतात. गणपतीपुळे, नेवरे, आरे-वारे, मग रत्नागिरी. आरे-वारेचा उतार प्रेक्षणीय आहे आणि तिथेच लोक मोबाइल काढून रस्त्याच्या मधोमध उभे असतात. ब्रेकवर बोटे ठेवून उतरावे.

रत्नागिरीत अर्धा दिवस थांबून सायकल धुवावी, ब्रेक पॅड बदलावेत, एटीएममधून पैसे काढावेत. पुढे भाट्ये पूल, गोळप, पावस, मुचकुंदीवरचा पूर्णगडचा पूल, गावखडी, कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर. राजापूर तालुक्याचा हा सडा वाटेतला सर्वांत उघडा. कातळ, वाळलेले गवत, अधूनमधून आंब्याची कलमे. सावली मिळते ती कलमांच्या गडग्याशी (दगडी कुंपणाशी), नाहीतर एसटीच्या निवाराशेडमध्ये. तीन लिटर पाणी अंगावर हवे. वाघोटण ओलांडून सिंधुदुर्गात शिरले की चढ थोडे मवाळ होतात. देवगड, तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. मालवणहून वेंगुर्ल्याकडे जायला कर्ली आडवी येते. एक तर चौकेमार्गे नेरूरपारचा पूल घ्यायचा, किंवा देवबागहून होडी ठरवून भोगवे-कोरजाईच्या बाजूला उतरायचे. होडीत सायकल आडवी घालायची तर पॅनियर आधी उतरवा, आणि भाडे आधी ठरवा. एकट्याला अख्ख्या होडीचे पैसे पडतात, त्यात घासाघीस करून फारसे हाती लागत नाही.

वेंगुर्ला, मोचेमाड, शिरोडा, रेडी, तेरेखोल. तेरेखोल गाव नदीच्या उत्तरेला असूनही गोव्यात मोडते. तिथून केरीला फेरीबोट. ती नसेल तर आरोंदा-किरणपाणी पुलाने आत वळून जाता येते. गोव्यातला उरलेला भाग हरमल, मोरजी, शिवोली असा सपाट आणि सोपा आहे, आणि गर्दीचाही. तिथे सांगण्यासारखे काही नाही, भाड्याच्या स्कूटरवाल्यांपासून जपा.

सागरी महामार्गाच्या नव्या पुलांची कामे काही खाड्यांवर हाती घेतलेली आहेत. ती पूर्ण होईपर्यंत जेट्टीच्या वाटेवर खडी, डंपर आणि अचानक वळवलेले रस्ते धरून चालावे. फोनवरचा नकाशा इथे दोन खोड्या करतो: फेरीला रस्ता समजतो आणि पाखाडीला सुद्धा. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या; पन्नास पायऱ्या सामानासकट सायकल उचलून चढायची तयारी असेल तरच नकाशाचे ऐकावे. जवळच्या वाटेची निळी रेघ अगदी सरळ आणि बारीक दिसली तर शंका घ्या. शिवाय खाडीच्या पोटात रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. लोकांना विचारताना अंतर विचारून उपयोग नाही, "हा काय, पुढेच" असे उत्तर मिळते आणि ते दुचाकीवाल्याचे असते. "काका, मधे घाटी किती आहेत?" असे विचारले की उत्तर नेमके येते. कुठली मोठी, कुठे रस्ता खराब, कुठे पाणी मिळेल, सगळे सांगतात.

आता सायकलचे. टायर 700×38 किंवा 26×1.75, जाड गोट्यांचा नको. मागे 55 ते 60 पीएसआय, पुढे 45 ते 50. याहून कमी ठेवले तर उताराच्या शेवटी पुलाच्या सांध्यावर किंवा वाडीच्या तोंडाच्या, रंग न मारलेल्या गतिरोधकावर चाक आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. अशा पंक्चरची खूण ठरलेली: शेजारी शेजारी दोन बारीक चिरा. एकच टाचणीएवढे भोक असेल तर काटा नाहीतर तार, आणि ती अजून टायरमध्येच आहे असे समजावे. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आत कापडाची चिंधी फिरवावी. जिथे धागा अडकेल तिथे तार. बोट फिरवले तर बोटात घुसते. पॅच लावताना घाई नडते: घासून खरखरीत केलेल्या जागेवर सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि तो पूर्ण मंद पडेपर्यंत थांबायचे. देशावर दोन-तीन मिनिटांत वाळणारे सोल्यूशन इथल्या दमट हवेत पाच-सात मिनिटे घेते. ओल्यावर चिकटवलेला पॅच पुढच्या घाटीत उन्हाने सुटतो. दोन नव्या ट्यूब जवळ ठेवाव्यात आणि पॅचचे काम संध्याकाळी पडवीत बसून करावे. तुमच्या चाकाला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्याला बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात ठेवा, फार तर पन्नास-शंभर रुपयांचा आहे आणि दिवस वाचवतो.

तारा तुटतात त्या जवळजवळ नेहमी मागच्या चाकाच्या, आणि त्यातही चेनच्या बाजूच्या, कारण तिथे ताण जास्त असतो आणि पॅनियरचे वजनही मागेच. मापाच्या तीन तारा फ्रेमला टेपने चिकटवून न्याव्यात. पण चेनच्या बाजूची तार घालायला कॅसेट काढावी लागते, त्याचे हत्यार सहसा कुणी जवळ बाळगत नाही. अशा वेळी तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूच्या, त्याच फ्लँजच्या (तारा ओवलेल्या चकतीसारख्या कडेच्या) शेजारच्या तारा अर्धा-अर्धा आटा घट्ट कराव्यात, चाकाची आऊट (डुलणे) ब्रेकला लागत नाही एवढी काढावी, रिम ब्रेक असेल तर तो थोडा सैल करावा, आणि मागचे सामान निम्मे पुढे हलवून मोठ्या गावापर्यंत सावकाश जावे. बाकी हत्यारांत अॅलन की 4, 5, 6 ची, चेन ब्रेकर, चेनचे दोन जोडदुवे, स्पोक की, टायर लिव्हर, पंप, मूठभर झिप टाय, आणि स्वतःच्या सायकलचाच डिरेलर हँगर. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. रत्नागिरीतही तो मिळेल असे धरू नये.

खारी हवा आणि जांभ्याची तांबडी धूळ ही जोडी चेनला महाग पडते. घट्ट, चिकट तेल घातले तर धूळ त्यात बसते आणि दोन दिवसांत लालसर कणकच होते. ती दात्यांना घासत राहते. पातळ, कोरडे राहणारे चेन ऑइल घ्यावे, रात्री प्रत्येक कडीवर एकेक थेंब, पाच मिनिटे उलटे पॅडल आणि मग वरचे सगळे पुसून काढायचे. तेल आत हवे, बाहेर नको. फेरीवर शिंतोडे उडाले किंवा पुळणीवरून सायकल नेली की त्याच संध्याकाळी बादलीभर गोड्या पाण्याने धुवावी, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाची जागा) आणि हबवर (चाकाच्या मध्यावर) पाण्याची धार न मारता. पॅनियर रॅकचे स्क्रू मात्र रोज बघावेत. खराब डांबराच्या थरथराटाने तेच आधी सैल होतात. निघण्याआधी त्यांना निळे थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावले तर कटकट वाचते.

ब्रेकचे साधे गणित: 95 किलो वजन 120 मीटर खाली आणताना लाखाच्या वर ज्यूल उष्णता होते आणि ती कुठेतरी जायला हवी. सतत हलका ब्रेक दाबून उतरलात तर ती सगळी रिममध्ये किंवा रोटरमध्ये (डिस्क ब्रेकच्या चकतीत) साठते. वळणाआधी सरळ रेषेत दोन्ही ब्रेक दाबून वेग पाडायचा, वळणात सोडायचे. मधल्या वेळात हवा थंड करते. सकाळच्या दवात पॅड ओले असतात तेव्हा पहिल्या उताराच्या माथ्यावरच दोनदा दाबून कोरडे करून घ्यावेत. डिस्कचा पॅड एक मिलिमीटर उरला की बदला. कर्कश आवाज येत असेल तर बहुधा चेनचे तेल रोटरला लागले आहे. साबणाच्या पाण्याने धुवून बघा, नाही गेला तर पॅड टाकून द्या. आणि आंधळ्या वळणावर एसटीचा हॉर्न ऐकू आला की डावीकडे सरून थांबा. तिथला चालक रस्ता रोज चालवतो, तो वळणात गाडी मधूनच काढणार.

दिवसाची आखणी उन्हावर. पहाटे उजाडताच निघायचे, अकरापर्यंत दोनतृतीयांश अंतर संपवायचे, साडेतीनपर्यंत सावली, मग सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्काम. अंधारात सड्यावर चालवू नये: रस्त्यात बसलेली गुरे दिसत नाहीत, आणि रत्नागिरीच्या सड्यांवर बिबट्याचा वावर आहे. पाण्यात नुसते पाणी पुरत नाही, घामाबरोबर मीठ जाते. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू नाहीतर कोकमाचे आगळ. चमचे सपाटच, मीठ जास्त झाले तर उलट्या होतात. सकाळी घावणे किंवा उसळपाव, सायकलवर केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. माशाचे भरगच्च ताट रात्रीसाठी राखावे. दुपारी ते खाऊन घाटी चढायला घेतली की ती मासळी पुन्हा भेटते. घरगुती खानावळीत तासभर आधी फोन करावा लागतो, आयत्या वेळी गेलात तर वहिनी नाइलाजाने वरणभात वाढतील, तेवढेच.

दमट हवेत मांड्या सोलवटतात. पॅडची चड्डी आत दुसरे काही न घालता वापरायची, रोज धुवायची, आणि कडांना पेट्रोलियम जेली. मात्र धुतलेली चड्डी इथे रात्रभरात वाळत नाही, म्हणून दोन हव्यात आणि सकाळी ओली पॅनियरवर अडकवावी. हाताची करंगळी बधिर होत असेल तर हँडल खाली आहे किंवा पकड बदलत नाही आहात.

एकटे असण्याची खरी अडचण रस्त्यावर येत नाही, खोली मागताना येते. शनिवारी आणि नाताळात एका माणसाला दुहेरी खोली द्यायला बरेच जण कां-कूं करतात, किंवा दोघांचे पैसे मागतात. फोनवर "एकटाच आहे, सायकलवर आहे, सकाळी सहाला निघणार" असे स्पष्ट सांगितले की पुष्कळदा मार्ग निघतो. देवस्थानांची भक्तनिवासे आणि पर्यटन महामंडळाची निवासे हा दुसरा पर्याय. सायकल पडवीत आत घेऊ देतात का तेही आधीच विचारावे. रोज रात्री घरच्या एका माणसाला उद्याची गावे क्रमाने लिहून पाठवावीत, आणि उशिरात उशिरा किती वाजता फोन येईल तेही. अपघाताला 108, बाकी कशालाही 112. शंभर-पन्नासच्या नोटा जवळ असाव्यात. जेट्टीवर रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

परतीला रेल्वे किंवा खासगी बस. कोकण रेल्वेने आणायची तर थिवी किंवा मडगावला पार्सल कार्यालयात काही तास आधी जावे. सायकल ब्रेक व्हॅनमध्ये जाते, त्यासाठी आपले तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते. ज्या स्टेशनवर गाडी दोनच मिनिटे थांबते तिथे ती उतरवायचा धोका घेऊ नये. डब्यात बरोबर न्यायची म्हणाल तर सामानाची मर्यादा 100×60×25 सेंटिमीटर आहे, सायकल उघडूनही त्यात बसत नाही. पॅडल काढावेत (डावीकडच्याचे आटे उलटे असतात, तो उजवीकडे फिरवून सुटतो), हँडल फ्रेमच्या रेषेत फिरवावे, डिरेलर सर्वांत लहान चकतीवर आणून पुठ्ठ्याने गुंडाळावा, आणि नाव, फोन, स्टेशन दोन ठिकाणी लिहावे. बसच्या डिकीत आडवी घातली तर चेनची बाजू वर. त्यावर कुणी बॅगा रचत नाही ना, ते दार बंद होईपर्यंत उभे राहून बघावे. मुंबईत उतरल्यावर फलाटावरच मागून डोकावून डिरेलर चकत्यांच्या रेषेत आहे का पाहावे, आणि वाकलेला वाटला तर घरापर्यंत सर्वांत मोठ्या चकतीवर चेन नेऊ नये.